बाईच्या पोटावर सही कुणाची?



या अंकाचं संपादकीय गर्भपातावर आहे. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. 'हा बायकांचा विषय' म्हणून पान उलटणाऱ्यांनी खुशाल उलटावं, पण मग क्रांती हा शब्द तोंडात घेण्याआधी जरा चूळ भरावी. कारण ज्या मोरीत आपली आई, बहीण, बायको कुणाला न सांगता गोळ्या गिळते आणि रात्रभर रक्त थांबायची वाट बघते, त्या मोरीपर्यंत आपला एकही मोर्चा अजून पोचलेला नाही.

आपण पाण्यासाठी भांडलो. राखीव जागांसाठी भांडलो. नामांतरासाठी डोकी फोडून घेतली. झोपडीवर बुलडोझर आला तर कळव्यापासून अंबरनाथपर्यंतची पोरं धावून जातात. पण बाईचं शरीर हीसुद्धा एक जागा आहे आणि तिच्यावरही कब्जा आहे. थोडा सरकारचा, थोडा डॉक्टरचा, थोडा नवऱ्याचा. तिची स्वतःची सही सगळ्यात शेवटी, आणि तीही कुणी मागितली तर.

आधी कायदा बघू. कायदा आपल्या लोकांनी वकिलाकडून ऐकायचा नसतो, स्वतः वाचायचा असतो.

१८६० सालच्या इंग्रजी दंडसंहितेनं गर्भपात हा गुन्हा ठरवला. कलम ३१२. इंग्रज गेले, कलम राहिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पाटी बदलली, नंबर बदलला, आता ते कलम ८८ आहे. गुन्हा मात्र तोच, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात गुन्हेगार. १९६४ साली सरकारनं शांतिलाल शहा यांची समिती नेमली. हे शहा आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याच १९७२ साली मुंबईत पँथर जन्माला आली. दोन्ही गोष्टी एकाच सालच्या. पण पन्नास वर्षं उलटून गेली तरी त्यांची नीट भेट झालेली नाही.

या कायद्यानं बाईला काय दिलं? हक्क नाही दिला. सूट दिली. आणि सूटही तिला नाही, डॉक्टरला. डॉक्टरनं 'सद्भावनेनं' मत बनवलं की गर्भ ठेवण्यात बाईच्या जिवाला, तब्येतीला, मनाला धोका आहे, किंवा मूल गंभीर व्यंग घेऊन येईल, तर डॉक्टर गुन्हेगार नाही. 'मला नको' एवढं साधं कारण त्या कायद्यात कुठंच नाही. संततिनियमनाचं साधन फसलं हे कारण होतं, पण २०२१ पर्यंत तेही फक्त लग्न झालेल्या बाईला. म्हणजे कुंकू असेल तर साधन फसतं, नसेल तर बाई फसलेली.

२०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक बायकांसाठी: बलात्कार सोसलेली, अल्पवयीन, दिवस असताना विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग आणि अशाच काही. २४ च्या पुढं गर्भात मोठं व्यंग असेल तर, आणि त्यासाठी डॉक्टरांचं मंडळ. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्न न झालेल्या बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत हाच कायदा लागू. नवऱ्यानं केलेली जबरदस्ती हीसुद्धा या कायद्यापुरती बलात्कारच. आणि हॉस्पिटलांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत.

आता एक गोष्ट पाठ करा, भिंतीवर लिहा. सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासूची लागत नाही. बापाची लागत नाही. हे २०२२ चं नवं काही नाही, १९७१ पासून कायद्यात आहे.

आणि वस्तीत काय आहे?

रेल्वेलायनीकडच्या आमच्या वस्तीतली एक बाई. तिचं नाव सांगत नाही, हॉस्पिटलचंही सांगत नाही, कारण ही गोष्ट एका बाईची नाही आणि एका हॉस्पिटलचीही नाही. दोन पोरं, धाकटं अजून अंगावर पितं. चार घरची धुणीभांडी. पाळी परत सुरूच झाली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं कळलं तेव्हा अडीच महिने झालेले. खाडा म्हणजे पैसे कट, तरी गेली. केसपेपर काढला, रांगेत बसली. म्हणाली, मला नको. आतून उत्तर आलं, नवऱ्याला घेऊन ये. नवरा नाक्यावरचा बिगारी. काम मिळालं तर दिवस कामात, नाहीतर गुत्त्यावर. पुढच्या आठवड्यात त्याला ओढून नेला तर त्याचं आधारकार्ड घरी. त्याच्या पुढच्या आठवड्यात डॉक्टर रजेवर. मग सोनोग्राफीची तारीख, ती तीन आठवड्यांनंतरची. चौथा महिना सरत आला तेव्हा कागदावर शेवटचा शेरा पडला: पुढील उपचारासाठी दुसऱ्या रुग्णालयात. म्हणजे इथून निघ.

तिनं मंगळसूत्र गहाण ठेवलं आणि खाजगीत मोकळी झाली. ती जगली ती सरकारच्या जिवावर नाही, सोनाराच्या उधारीवर. बघा, एवढ्या सगळ्यात तिनं कायद्याचं एक कलम मोडलं नाही. मोडलं कुणी?

हा 'पुढं जा' आपल्या पट्ट्याचा जुना रोग आहे. कसारा लाइनवरची, शहापूर-मुरबाडकडची आदिवासी बाई कल्याणकडं बघते. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, उल्हासनगरात मध्यवर्ती, कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि सगळ्यांच्या पुढं मुंबईचं शीव नाहीतर केईएम. माणसं लाखांनी वाढली, इमारती वीस-वीस मजली झाल्या, फ्लॅटच्या जाहिरातीत जलतरण तलाव आला, पण सरकारी खाट तिथंच. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. जिथं मरणाऱ्यालाच जागा अपुरी, तिथं 'मला नको' म्हणणाऱ्या बाईला कोण विचारतो?

मी गोदीत माल उचलतो. तिथं साध्या खोक्यालाही कागद असतो. कुठून आलं, कुठं जायचं, कुणी उतरवून घेतलं. सही झाल्याशिवाय खोकं पुढं सरकत नाही. आमची बाई मात्र एका दारातून दुसऱ्या दारात ढकलली जाते आणि उतरवून घेतल्याची सही कुणीच करत नाही. तिला ढकलण्यात जे आठवडे गेले ते तिच्याच नावावर जमा होतात. शेवटी तिलाच विचारतात, बाई, एवढा उशीर का केलास?

उशिराचं राजकारण नीट समजून घ्या. २००८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या भाईंदरचं एक जोडपं डॉक्टर निखिल दातारांसोबत मुंबई हायकोर्टात गेलं. गर्भाच्या हृदयात दोष होता, तो कळला तेव्हा कायद्याची तेव्हाची २० आठवड्यांची रेघ ओलांडली होती. कोर्टानं नाही म्हटलं. देशभर बोभाटा झाला, पेपरात अग्रलेख आले, आणि कायद्यातली ती रेघ हलायला २०२१ उजाडलं. तेरा वर्षं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच मुंबई हायकोर्टानं ३३ आठवड्यांच्या बाईला परवानगी दिली आणि सांगितलं की निर्णय तिचा, मंडळाचा नाही. टाळ्या वाजवू. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टापुढं दुसरी बाई आली. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतर मनाच्या आजारानं घेरलेली, धाकटं अंगावर पीत होतं म्हणून पाळी नव्हती, म्हणून कळायला उशीर. २४ आठवडे ओलांडले होते. गर्भात व्यंग नव्हतं. तिला नाही म्हटलं. ही दुसरी बाई मला ओळखीची वाटते. ती आपल्या प्रत्येक चाळीत आहे. तिच्या उशिराला सोनोग्राफीत दिसणारं कारण नसतं. तिचं कारण असतं खाडा, रांग, तारीख, दूध पिणारं पोर. या कारणांसाठी कायद्यात खास वर्ग नाही. आणि दिल्लीच्या कोर्टापर्यंत जायला तिच्याकडं लोकलचं तिकीटही नाही.

मग ती काय करते? गोळ्या. देशभरात २०१५ सालात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा संशोधकांचा अंदाज आहे. दर चारातले जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. वेळेत, बरोबर मात्रेत, कुणी सांगणारं असेल तर या गोळ्या सुरक्षित आहेत. नऊ आठवड्यांपर्यंत कायदाही त्यांना मान्यता देतो. पण महाराष्ट्रात त्याही सरळ मिळत नाहीत. ०-६ वयाच्या पोरींचं प्रमाण २००१ मध्ये दर हजार पोरांमागं ९१३ होतं, २०११ मध्ये ८९४ झालं. सरकार खडबडून जागं झालं आणि औषध दुकानांवर धाडी पडल्या. कटकट नको म्हणून दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं. आता अक्कल लावा. गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बारा आठवड्यांच्या आत धड दिसत नाही. म्हणजे जी बाई गोळी घेते तिला पोटात काय आहे हे माहीतच नसतं. चोर सोनोग्राफीच्या खोलीत आणि पोलीस केमिस्टच्या काउंटरवर!

इथं आपली भूमिका चोख हवी. मुलगी म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे आणि गुन्हाच राहिला पाहिजे. परळीत २०१२ मध्ये आणि म्हैसाळला २०१७ मध्ये जे उघडं पडलं ते डॉक्टरकीचं नाही, खाटिकखान्याचं काम होतं. म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. अशा डॉक्टरांना आत टाका, मशीन सील करा, त्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे. पण त्यांची शिक्षा गोळी मागणाऱ्या मोलकरणीला देऊ नका. सरळ दवाखाना बंद केला की बाई म्हैसाळसारख्याच दाराशी जाते.

आता आपल्या पोरांकडं वळतो. मीटिंगीत एक वाक्य नेहमी येतं: कुटुंबनियोजन हा आपली संख्या कमी करायचा डाव आहे. ही भीती हवेतली नाही. आणीबाणीत १९७६ साली याच महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरकडं एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, डझनाहून जास्त बायका मेल्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा होतो, खाड्याला मुकादम दंड लावतो, म्हणून पिशवीच काढा. आणि ज्यांच्यावरून आपण पँथर हे नाव घेतलं त्या काळ्या लोकांकडं बघा. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क दिला. त्याच १९७३ मध्ये अलाबामात रेल्फ घराण्यातल्या दोन काळ्या पोरी, एक १४ ची, एक १२ ची, सरकारी पैशाच्या दवाखान्यात वांझ केल्या गेल्या. आईला लिहिता येत नव्हतं, कागदावर तिची फुलीची खूण घेतली. पांढऱ्या बाईला हक्क, काळ्या पोरीला सुरी. पुढं २४ जून २०२२ ला तो हक्कही त्याच कोर्टानं काढून घेतला.

तर भीती खरी आहे. पण तिचा अर्थ काय काढायचा? सरकारची सुरी नको म्हणून घरात नवऱ्याचं कुलूप? सरकार म्हणतं पैदा करू नको, तू म्हणतोस पैदा कर. दोघांनीही तिला विचारलेलं नाही. दोघंही तिच्या पोटाकडं आकडा म्हणूनच बघता. सरकारला आकडा कमी हवा, तुला जास्त, एवढाच फरक. आणि संख्येची एवढी काळजी असेल तर हा आकडा घे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, पुरुषाच्या नसबंदीवर भागलेल्या ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट फाडावं लागत नाही. तरी टेबलावर झोपते तीच. कुठं गेली मर्दुमकी?

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण, त्या व्याख्येत स्त्रिया आहेत. नुसत्या दलितांच्या स्त्रिया नाहीत, स्त्रिया. व्याख्या छापून पन्नास वर्षं झाली. तिचा अर्थ लावायचं काम राहिलंय.

हा विषय बाहेरून आणलेला आहे, शहरी बायकांचं फॅड आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला घरचा इतिहास सांगा. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नको असताना दिवस राहिलेल्या विधवेला तिथं दार उघडं होतं, आणि तिचं नाव फोडलं जात नव्हतं. २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अल्पवयीन पोरीचा गर्भपात करताना तिनं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही. सावित्रीबाईंना जे कळलं होतं ते कायद्याला कळायला १५९ वर्षं लागली.

आणि बाबासाहेब. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'साठी अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षानं ठराव आणला: सरकारनं लोकांना संततिनियमनाची साधनं द्यावीत. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या भाषणात आहे. मतदान झालं. बाजूनं ११, विरोधात ५२. लक्षात घ्या, ती मागणी सक्तीची नव्हती. साधन द्या, ठरवणारी ती. आपली लाइन तेव्हाच ठरलेली आहे. ना सक्तीची नसबंदी, ना सक्तीचं बाळंतपण.

आता काम. घोषणा देऊन घरी जायचं नाही.

एक: प्रत्येक वस्तीतल्या पोरींनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलला विचारा: गेल्या वर्षी किती गर्भपात केले? कितव्या आठवड्यापर्यंत करता? किती बायकांना पुढं पाठवलं, आणि का? कोणकोणते कागद मागता? सरकारी हॉस्पिटलला या कामासाठी वेगळी मंजुरी लागत नाही, कायद्यानंच ते मंजूर ठिकाण आहे. त्यामुळं 'आमच्याकडं परवानगी नाही' हे उत्तर घेऊन परत फिरू नका.

दोन: हॉस्पिटलच्या भिंतीवर मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत पाटी लागली पाहिजे: सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नाही लावली तर आपण लावू.

तीन: गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं दिली, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही ठेवली. डोंबिवली-अंबरनाथच्या एमआयडीसीत ठेक्यावर राबणाऱ्या किती बाया हे ऐकूनही आहेत? युनियनवाल्यांनी बोनसच्या मागणीखाली ही मागणी लिहावी. घरकामवालीला तर कायद्याचा कागदही लागत नाही. तिचं काय, हे त्यांनी मोठ्यानं विचारावं.

चार: वस्तीतल्या आशाताईला धाकात ठेवू नका, सोबत घ्या. कुणाच्या पाळीचं काय झालं ते तिला आधी कळतं. तिच्या हाती खरी माहिती आली तर आठवडे वाचतील, आणि इथं आठवडे म्हणजे जीव.

पाच, हे फक्त पोरांसाठी. बायको, बहीण, मैत्रीण म्हणाली 'मला नको' तर 'का' विचारण्याआधी विचार, 'कधी जायचं?' रांगेत तू बस, खाडा तू कर, धाकटं पोर तू सांभाळ. सही मात्र करू नकोस. मागितली तर सांग, माझी लागत नाही, तिची घ्या.

तिची घ्या. एवढंच म्हणायला चळवळ लागते, ही या देशाची लाज आहे. आणि ते म्हणायला आपली चळवळ कचरली, तर ती लाज आपली.

जयभीम!